विश्वंभर तात्याची भट्टी

भूम तालुक्यात माईकवर माझ्या तोडीचा माणूस न्हाय. हे मी माईकवरच सांगत असतो, कारण माईक बंद झाला की माझं कुणी ऐकत न्हाय.

लग्न असू द्या, बारसं असू द्या, पुढाऱ्याचा वाढदिवस असू द्या, लोक मलाच बोलवत्यात. माझं नाव बाळासाहेब हाय, पर ते आधार कार्ड सोडून कुणाला ठाव न्हाय. शाळा म्हणाल तर दुसरीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसाय गेलो तर गुरुजी म्हणले, "बाळ्या, आता त्या बाकड्याची तरी दया कर." तवापासनं म्हशी. सकाळी वस्त्यांवरचं दूध फटफटीवर गोळा करतो आन् खव्याच्या भट्टीवर घालतो, संध्याकाळी माईक धरतो. दोन्ही धंद्यात लोकांची एकच तकरार असती, की पाणी लई हाय.

ज्या भट्टीवर मी दूध घालायचो ती विश्वंभर तात्याची. मला भोंगा हे नाव त्यानंच दिलं, आन् आता बायकोबी त्याच नावानं हाक मारती.

तात्या फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला. अंगानं बाभळीच्या फोकासारखा. दिवसभर धुरात आन् राखेत बसायचा, पर अंगात कडक इस्तरीचा सदरा. कौसाकाकू, म्हंजी तात्याची मालकीण, रोज कुरकुरायची की राखेत बसायला इस्तरी कशाला लागती. तात्या म्हणायचा, "सदरा तरी सरळ असू दे. आतलं सरळ करायला इस्तरी मिळत न्हाय."

म्हशीला शिव्या द्यायचा त्या हिंदीत, माणसाला मराठीत. म्या एकदा इचारलं, असं का. तर म्हणला, "म्हशीला समजू नये म्हणून. तिचा काय गुन्हा हाय?"

सत्काराचा तर असा राग, की शाल दिसली तरी अंगावर काटा यायचा. एका पुढाऱ्यानं जबरदस्तीनं त्याच्या खांद्यावर शाल घातली. तात्यानं घरी जाता जाता ती दावणीच्या शेळीवर टाकली. शेळीनं दोन दिवसांत निम्मी खाल्ली. तात्या खूश. म्हणला, कुणाच्या तरी पोटाला लागली.

तिकडं काय झालतं, हे त्यानं कुणालाच कधी सांगितलं न्हाय. मी दूध ओतता ओतता इचारायचो, "तात्या, बॉर्डरवर काय झालं वो?" एकदा म्हणला, डाळीत खडा लागला. एकदा म्हणला, बर्फात मोजा हरवला. मी हे समदं गावात खरं म्हणून सांगत फिरलो. चार लोक तात्याला मोज्याचं इचारायला भट्टीवर आले, तवा मला कळलं, की तात्या माझी फिरकी घेत व्हता.

अंगद आमच्याच वाडीचा, दासूआण्णाचा थोरला. मिलिटरीत ट्रक चालवायचा. नोकरी पुरी करून तो परत आला, त्या दिवसापासनं सांगतो, कारण माझा आन् तात्याचा खरा परिचय त्याच दिवशी झाला. त्याच्या आधी मी त्याला नुसता वळखत व्हतो.

आमच्याकडं रिवाज हाय. फौजी रिटायर होऊन आला की येशीपासनं घरापतोर मिरवणूक. उघडी जीप, डीजे, बायकांच्या हातात आरत्या, फाट्यावर दारायेवढ्या तोंडाचा बॅनर. खोटं कशाला बोलू, लोकांचं प्रेमच असतं. पर ते त्या दिवसापुरतं असतं, आन् त्याला आवाज लई असतो. आवाज म्हंजी मी.

त्या दिवशी तात्या येशीत उभा व्हता. मला जवळ बोलवून म्हणला, "भोंग्या, फटाके वाजवू देऊ नको. माईकवरनं सांग." म्या सांगितलं की. म्या माईकवरनं सांगितलं, "मंडळी, हवालदारसाहेब म्हणत्यात फटाके नगं. बॉर्डरवर भ्याले न्हाईत, ते आमच्या लवंगीला भ्यायलेत!" लोक खदाखदा हसले. लोक हसले की माझ्या अंगात येतं. लगेच म्या अंगदला तीन गोळ्या लागलेल्या सांगितल्या. त्याला एकबी लागली न्हवती. तो ट्रक चालवायचा.

मग कुणीतरी लांबलचक लड लावली, आन् तिच्या शेवटाला सुतळी बॉम्ब.

पहिला बॉम्ब वाजला तसा अंगद जीपवरनं गायब झाला. गळ्यात चार हार घेऊन खाली पडला, आन् पालथा होऊन जीपखाली शिरला. डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. समदं गाव गप. आता माईकवाल्याला गप बसणं म्हंजी मेल्यासारखं. मी वरडलो, "बघा मंडळी, डोळं भरून बघा! आपल्या जवानानं मायभूमीला साष्टांग नमस्कार घातलाय!"

काय टाळ्या पडल्या. माझ्या जिंदगीत मला तेवढ्या टाळ्या पडल्या न्हाईत. बायांनी डोळं पुसलं.

तात्या इस्तरीच्या सदऱ्यासकट धुळीत आडवा झाला आन् सरपटत जीपखाली गेला. गावाला वाटलं दुसरा नमस्कार. मलाबी वाटलं. म्या म्हणलं, "आन् हे आपले हवालदारसाहेब!" टाळ्या डबल.

मग मी कौतुकानं वाकून बघितलं. दोघं शेजारी शेजारी पालथे. अंगदचे दोन्ही हात डोक्यावर, हाराची फुलं तोंडात गेलेली, आन् सगळं अंग म्हशीनं माशी झटकावी तसं थरथरत व्हतं. तात्यानं त्याला हात लावला न्हवता. नुसता शेजारी पडून, टायरकडं बघत, हळू आवाजात बोलत व्हता.

"हे भूम हाय, अंगद. ही जीप भाड्याची हाय. टायर बघ, पार गुळगुळीत झालंय. तिकडं शेण पडलंय, म्हशीचं हाय. तुझी आई हिरवं लुगडं नेसलीय. तो जो वरडायलाय ते गाढव हाय, दूध घालतंय. बघ सावकाश. मला घाई न्हाय."

मी गप बसलो. माईक चालू व्हता, तरी.

मग दोघं बाहेर आले. तात्यानं अंगदला त्याच्या आईच्या हवाली केलं, माझ्याकडं आला, माझ्या हातातनं माईक घेतला, आन् शांतपणे जाऊन म्हशीच्या हौदात टाकला. वायर लांब व्हती म्हणून हौदातनंबी जरा येळ खर्र खर्र आवाज येत राहिला. गाव त्यालाबी हसलं. गावाला हसायला कायबी चालतं.

दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेलो ते भांडायच्या तयारीनं. वाटंत तीन शिव्या पाठ केल्या. तात्यानं माझ्याकडं न बघताच लांब दांड्याचं उलथनं माझ्या हातात दिलं आन् म्हणला, "हलव." तीन शिव्या तशाच पोटात राहिल्या.

खवा करणं सोपं हाय आन् वंगाळबी हाय. दूध उकळत असतं, आन् तुम्ही हलवत असता. थांबता येत न्हाय. माशी बसली तरी न्हाय, फोन वाजला तरी न्हाय. जरा हात थांबला की दूध बुडाला लागतं, आन् बुडाला लागलं की अख्ख्या कढईला करपट वास मारतो. तात्याचं एकच म्हणणं, "हलवत राहा. थांबलं की लागतंय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की भट्टीवर हलवायला बसलेली समदी माणसं फौजेतनं आलेली व्हती. भूमकडचे दोघं, एक तुळजापूरकडचा, आन् वाशीकडचा सुधाकर. मी वर्षानुवर्ष तिथं दूध ओतत व्हतो आन् मला वाटायचं, तात्याकडं गडी लई टिकत्यात.

एका कढईला दोन माणसं. पर समोरासमोर न्हाय, शेजारी शेजारी. तात्याचा नियम व्हता, तोंडाकडं बघायचं न्हाय, दुधाकडं बघायचं. कुणाला काय झालं हे इचारायचं न्हाय. ज्याला बोलायचं त्यानं दुधाला सांगावं, शेजारच्याच्या कानावर गेलं तर गेलं. दिवसच्या दिवस हे लोक मेसमधल्या पुऱ्यांवर बोलायचे, बुटांवर बोलायचे. मधीच एखादा एखादं वाक्य टाकायचा, आन् शेजारचा फकस्त "हूं" म्हणायचा. त्या हूंमध्ये माझ्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त माल व्हता. हे मी आता म्हणतो. तवा मला वाटायचं, ह्यांना बोलता येत न्हाय, ह्यांना माझ्यासारखा माणूस पाहिजे.

सुधाकर तेवढा हसरा. माझ्या इनोदाला हसणारा तालुक्यात तो एकटाच. बायको तर पाव्हण्यांसमोर भिडंखातरबी हसत न्हाय.

कुणी शहाण्यानं तात्याला सांगितलं, आता हलवायला मोटर मिळती, बटण दाबलं की काम. तात्यानं त्याला इचारलं, "मग ह्यांनी काय दाबायचं?"

पर तात्या सोताला डॉक्टर समजत न्हवता, हे बी सांगतो. तसं कुणी म्हणलं की खवळायचा. "मी डॉक्टर न्हाय. मी त्याच रांगेत जरा पुढं उभा हाय." सोताची गोळी तो घरात घ्यायचा न्हाय. रोज सकाळी फाट्यावरच्या च्याच्या टपरीवर जायचा, भरगच्च गर्दीत पाकीट काढायचा, आन् सगळ्यांना दिसंल अशी गोळी जिभेवर ठेवायचा. कुणी इचारलं कशाची, तर आख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असं सांगायचा, "डोक्याची." समोरचा कावराबावरा झाला की वर इचारायचा, "बीपीची म्हणलो असतो तर तुझी बीपीची काढून दावली असतीस का न्हाय?"

तिकडं अंगदनं अंथरूण धरलं व्हतं. अंथरूण म्हंजी गोठ्यातला कोपरा. झोपत न्हवता, जेवत न्हवता, कुकर वाजला की गव्हाणीखाली शिरायचा. गावात दोन पार्ट्या झाल्या. एक म्हणायची दारू, एक म्हणायची बाहेरचं. तो दारू पीत न्हवता आन् बाहेर जातच न्हवता, तरी दोन्ही पार्ट्या जोरात.

मला राग कशाचा येतो सांगू? त्या बॅनरचा. मिरवणूक झाली, आन् महिन्याच्या आत तो बॅनर कुणीतरी काढून कडब्याच्या गंजीवर टाकला. सलाम ठोकलेला अंगद, कडब्यावर उताणा. त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून वीस जणांचे फोटो. त्या विसातला एकबी त्याच्या गोठ्यापतोर गेला न्हवता. मी गेलो व्हतो, पर मी दुधासाठी गेलो व्हतो.

दासूआण्णानं शेवटी पोराला देवऋषाकडं न्हेलं. धूर दिला, लिंबं कापली, दोन माणसांनी धरून ठेवला. तात्याला हे कळलं तसा तो उठला तो थेट तिथं. काय बोलावं, कसं बोलावं, ह्याचा कायबी इचार न करता दासूआण्णाची गचांडी धरली, आन् चार लोकांत त्याला म्हणला, तूच पोराला मारायलास. दासूआण्णा बाप हाय. भित्रा असंल, अडाणी असंल, पर पोरासाठी अनवाणी फिरलेला बाप हाय. त्यानं तात्याला सांगितलं, माझ्या दारात पाऊल टाकलंस तर तंगडं तोडीन. आन् अंगदला न्हेऊन घरात कोंडला, बाहेरनं कडी.

त्या दिवशी कौसाकाकूनं भट्टीवर सगळ्यांदेखत तात्याला धुतला. ती कधी आवाज चढवत न्हाय, तवाबी चढवला न्हाय. "तुमचा राग खरा हाय, मला ठाव हाय. पर पोरगं घरात कोंडलं गेलं ते तुमच्या रागानं. आता त्या रागाला म्हणा, जा, कडी काढ."

तात्या मान खाली घालून हलवत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणला, "भोंग्या, तू जा."

म्या म्हणलं, "मी? माझं कुणी ऐकत न्हाय."

"म्हणूनच. तुला कुणी दारात अडवत न्हाय. त्याला दवाखाना म्हणू नको, बरं हो म्हणू नको, देशाचं तर नावच काढू नको. एवढंच सांग, तात्याला खव्यावर माणूस कमी हाय, हात पाहिजे."

मी गेलो. वाटंत भाषण तयार केलं व्हतं, चांगलं झालतं. दासूआण्णा दारात कॅन घेऊन उभा. भाषण इसरलो. म्हणलं, "आण्णा, तात्या चुकला. त्याला हलवायला माणूस कमी हाय. अंगदचा हात मोकळा असंल तर..." दासूआण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला बघून न्हवं. एवढ्या दिवसांत त्याच्या पोराला कुणीतरी कशासाठी तरी मागितलं व्हतं. त्यानं कडी काढली.

अंगद आला आन् सुधाकरच्या शेजारी बसला. लई दिवस बोलला न्हाय. एका सकाळी, मी कॅन ओतत व्हतो, तवा दुधाकडं बघून म्हणला, "पुढची गाडी व्हती. मग न्हवती."

सुधाकर म्हणला, "हूं."

अंगद परत म्हणला, "माझा नंबर पुढं व्हता. चहासाठी थांबलो, म्हणून ती पुढं गेली."

सुधाकर म्हणला, "हूं. हलव. लागंल."

मी कॅन तिथंच सोडून बाहेर गेलो. मला माझ्या तीन गोळ्या आठवल्या.

मग तात्यानं त्याला जिल्ह्याला डॉक्टरकडं न्हेलं. मलाबी घेतलं. मला वाटलं माझी गरज असंल. तात्या म्हणला, कंडक्टरशी बोलायला कुणीतरी पाहिजे, आमी दोघं बोलणार न्हाय. एसटीत एका पांढऱ्या टोपीवाल्यानं अंगदचे केस बघून वळखलं, फौजी का. उठून जागा दिली, जय हिंद म्हणला, संगतीच्या आपल्या बारक्या पोराला म्हणला पाया पड. मग इचारलं कुठं निघालाव. तात्या म्हणला, डोक्याच्या डॉक्टरकडं. त्या माणसानं पोराला उचलून कडंवर घेतलं आन् मागच्या सीटवर जाऊन बसला. पाया पडून अजून दोन मिनिटंबी झाली न्हवती. तात्या पाय पसरून म्हणला, "बरं झालं. ऐसपैस झालं." पर त्याची कानशिलं तांबडी झालती. मी बघितली.

डॉक्टरीणबाई तरणीच व्हती. तिनं अंगदला पहिलं काय इचारलं, तर झोप लागती का. तेवढ्यावर अंगद हुंदके देऊन रडला. आल्यापासनं गावानं त्याला एकच इचारलं व्हतं, किती मारले. झोप लागती का, हे कुणीच इचारलं न्हवतं. बापानंबी न्हाय, म्याबी न्हाय. म्या तर दोनदा मारलेलेच इचारले व्हते.

औषधं चालू झाली, भट्टी चालू राहिली. अंगद एकदम बरा झाला असं न्हाय. पर जेवायला लागला, आन् पुढं सुधाकरसंगं माझ्या इनोदाला हसायला लागला. हसणारे दोन झाले. मला वाटलं, आता धंदा वाढतोय.

आन् मग सुधाकर गेला. कसा गेला ते मी सांगणार न्हाय. लोकांनी ते चवीनं सांगितलंय, तेवढं बास हाय. त्याच्या भावकीनं त्याचं भट्टीवर येणं बंद केलं व्हतं. येड्यांच्या भट्टीवर जातो म्हणून घरातल्या पोरीची सोयरीक मोडंल म्हणत व्हते. गोळ्यांचं पाकीट त्यांनीच उकिरड्यावर टाकलं. तात्या दोनदा त्यांच्या दारात गेला. राग आवरून गेला, हात जोडून गेला. दोन्ही येळंला परत पाठवला.

गेल्यावर मात्र बॅनर लागला. तोच फोटो, तोच सलाम, जो त्याच्या मिरवणुकीला व्हता. नुसतं वरचं अक्षर बदललं, आन् शुभेच्छुकांच्या जागी शोकाकुल. श्रद्धांजलीच्या सभेला माईकसाठी मला बोलावणं आलं. म्या सांगितलं, मी येणार न्हाय. तोंडावर सांगितलं. मला वाटलं, आता ह्यांची सभा कशी व्हती बघू. पाच मिन्टांत दुसरा माईकवाला आला, आन् लोक म्हणले, ह्याचा आवाज बरा हाय.

सभेच्या दुसऱ्या सकाळी मी दूध घेऊन भट्टीवर गेलो तर फाटकापासनंच करपट वास. म्या तात्याच्या भट्टीवर तो वास कधी घेतला न्हवता. आत गेलो तर तात्या कढईपाशी बसलेला, उलथनं हातात, हात थांबलेला. खवा बुडाला लागून काळा पडलेला, धूर डोळ्यात जात व्हता, तरी पापणी हलत न्हवती. आन् अंगात सदरा चुरगाळलेला.

दोन दिवस तसाच. टपरीवर गेला न्हाय, गोळी घेतली न्हाय. कौसाकाकू म्हणली, डॉक्टरीणबाईकडं चला. तर म्हणला, "मी न्हेणारा हाय. मला कोण न्हेतंय?" मीबी प्रयत्न केला. आता बोलायचं म्हंजी माझा प्रांत. म्या म्हणलं, "तात्या, तुमी वाघ हाव, तुमी असं बसून कसं चालंल, लढा." तात्यानं पहिल्यांदा डोळं वर केले आन् म्हणला, "वाघ व्हय? वाघानं कितीक वाचवले, इचार त्या सुधाकरला." तोंडातनं शब्द फुटत न्हाईत असं माझं कवातरीच झालंय, आन् दर येळंला कारण तात्याच.

अंगद एवढा येळ करपलेली कढई घासत व्हता. त्यानं कढई उलटी ठेवली, हात पुसले, आन् तात्याच्या शेजारी येऊन बसला. समोर न्हाय, शेजारी. भट्टी इझलेली, बघायला दूधबी न्हवतं, तर दोघं राखेकडं बघत बसले. मग अंगद म्हणला, "तात्या, उद्या माझी दवाखान्याची तारीख हाय. मला एकट्याला जमत न्हाय. एसटीत शेजारी बसायला माणूस कमी हाय."

तात्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. म्हणला, "माझाच डाव मला टाकायलास व्हय रं?"

"हूं," अंगद म्हणला.

तात्या आतल्या दाराकडं तोंड करून म्हणला, "कौसा, सदऱ्याला इस्तरी कर."

आता तात्या लातूरला लेकीकडं असतो. डॉक्टरीणबाईनं काय दिवस ठेवून घेतलं, बरं केलं, पर धुरानं छाती भरलीय, भट्टीपाशी बसू नका म्हणून बजावलं. मग तिथनंच लेक न्हेऊन गेली. गोळी आता लातूरच्या टपरीवर घेतो म्हणं, तिथली माणसं सुधारायलीत. भट्टी अंगद बघतो. मोटर अजून आणली न्हाय. मिरवणुका हायेत तशाच, फटाके हायेत तसेच. मी माईक धरलेला असला की फटाके न्हायत, एवढाच फरक. म्हणून मला आता कमी बोलवत्यात.

तात्याला मी शेवटचा बघितला तो त्या इस्तरीच्या दुसऱ्या दिवशी, भूमच्या स्टँडवर. भट्टी बंद, म्हणून दूध गावातल्या दुसऱ्या भट्टीवर घालायला निघालो व्हतो, म्हणलं निरोप देऊन जाऊ. ऊन मरणाचं. तात्या खिडकीपाशी बसलेला, शेजारी अंगद, पुढच्या सीटवर कौसाकाकू. सदरा कडक, पर त्याच्यातला माणूस गळपटलेला. पलीकडच्या बाईनं सहज इचारलं, कुठं निघालाव बाबा. जो माणूस आख्ख्या फाट्याला वरडून सांगायचा, त्यानं मान खाली घातली.

अंगद म्हणला, "डोक्याच्या डॉक्टरकडं. आमी दोघंबी." मोठ्यानं म्हणला. पार ड्रायव्हरपतोर गेलं. बाई उठली न्हाय. तिनं पिशवीतनं दोन पेरू काढले आन् दोघांच्या हातावर ठेवले. म्हणली, माझा भाऊबी तिथंच जातोय.

तात्यानं मान वर केली.

मला राहवलं न्हाय. एसटी सुरू झालती. मी खिडकीला धरून पळत पळत म्हणलं, "तात्या, एक सांगतो, मला आजवर जे बोलायचं व्हतं ते कधी बोलता आलं न्हाय. तुमी त्या जीपखाली जे बोललाव, ते मी जल्मात इसरणार न्हाय, आमच्या सगळ्या गावाच्या वतीनं मी..."

तात्यानं पेरूचा चावा घेतला, माझ्या मागं उन्हात उभ्या असलेल्या फटफटीकडं बघितलं, आन् म्हणला,

"भोंग्या, दूध नासायलंय. जा."